आगाशिवच्या लेण्यांत चपला कुठं काढायच्या?

कोयनाकाठ (कराड)

मिरजेची आत्या दिवाळीनंतर आठ दिवस राहायला आली होती. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण घरात बसवत नाही. प्रीतिसंगम झाला, कृष्णाबाईचं देऊळ झालं, यशवंतरावांच्या समाधीपाशी बसून झालं. तिसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना म्हणाली, "त्या आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत ना रे? इतकी वर्षं येते, कधी नेलं नाहीस."

खरं सांगायचं तर मीही सातवीच्या सहलीनंतर गेलो नव्हतो. घरापासून पाच किलोमीटर. अजिंठा दोनदा पाहिलाय, वेरूळ एकदा, आणि दारातलं राहिलं.

रविवारी सकाळी साडेसातला निघालो. मलकापूर मागं टाकून जखिणवाडीत गाडी लावली आणि पायऱ्यांना लागलो. आत्या दर वीस पायऱ्यांना थांबायची, पदरानं तोंड पुसायची आणि "चल" म्हणायची. अर्ध्या वाटेवर वळून बघितलं तर खाली उसाचे मळे आणि धुक्यात बुडालेलं कराड.

आता लेण्यांचं. कुणी अजिंठा डोक्यात ठेवून जाणार असेल तर आधीच सांगतो, चित्रं नाहीत, नक्षी जवळजवळ नाही. साध्या चौकोनी खोल्या, आत बाजूला दगडी ओटे, बाहेर पाण्याची टाकी. पहिल्या दोन-तीन खोल्यांत मलाही वाटलं, हे काय बघायचं? मग आत्या एका ओट्यावर टेकली. टेकली आणि म्हणाली, "अरे, हा झोपायचा आहे." मीही शेजारच्या खोलीतल्या ओट्यावर आडवा झालो. दगड गार, छत हाताशी, दारातून तेवढा एक उजेडाचा तुकडा. दोन हजार वर्षांपूर्वी भर पावसात इथं कुणीतरी असंच पडून राहिलं असेल. तिथून पुढं प्रत्येक खोली वेगळी दिसायला लागली. दाराच्या चौकटीला लाकूड बसवायच्या खाचा, भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव, एका ठिकाणी काम अर्धवट सोडून गेलेले.

तर मुद्द्यावर येतो. चैत्याच्या, म्हणजे पूजेच्या, लेण्यात मधोमध स्तूप आहे. आत्यानं दारातच चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली आणि स्तूपाला बोटं लावणार इतक्यात मागून आवाज आला, "मावशी, नका लावू. बुद्धलेणी आहे ही." विशीतला पोरगा होता, बरोबर चार मित्र. बोलला नीट, पण आवाजात धार होती. मी मधे पडणार तर आत्याच म्हणाली, "बरं बाबा. मग काय करतात इथं?" तो पोरगा जरा गडबडला. म्हणाला, "हात जोडतात." आत्यानं हात जोडले. डबी पिशवीत गेली.

गंमत म्हणजे पोरगा आणि त्याचे मित्र बूट घालूनच आत होते. आत्यानं ते बघितलं, बोलली मात्र काही नाही.

आणि तिथंच जवळच्या एका लेण्यात विठोबा आहे! तिथं कुणी अडवलं नाही, डबी निघाली, आत्या खूश.

उतरताना मी विचार करत होतो की पर्यटक म्हणून अशा जागी वागायचं कसं? देऊळ समजून, वारसा समजून, की कुणाचं तरी घर समजून? जाणकारांनी सांगावं. फोटो नंतर टाकतो, मोबाइलमध्ये अंधारच जास्त आलाय.

---

आडवाटेचा (सातारा)

लेख छान, आत्यांना नमस्कार. थोडी भर घालतो.

आगाशिवच्या डोंगरात एकूण ६४ च्या आसपास लेणी आहेत, तीन गटांत विखुरलेली. तुम्ही पाहिलात तो जखिणवाडीकडचा गट. उत्तरेचा गट कोयनेच्या खोऱ्याकडं तोंड करून आहे आणि तिथं वाट म्हणजे शेळ्यांची वाट, गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका. एका दिवसात सगळी ६४ उरकली असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून पुढची काही शतकं. म्हणजे बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत इकडं रुळायच्या आधीचा. म्हणून तुम्हाला मूर्ती दिसली नाही. त्या काळी स्तूप हीच पूजेची वस्तू. खालचा गोल चौथरा म्हणजे मेधी, त्यावरचा घुमट म्हणजे अंड, वर चौकोनी हर्मिका आणि तिच्यावर छत्र. चैत्याच्या दाराशी दोन अर्धस्तंभ बघितलेत का? एकावर चक्र आहे, दुसऱ्यावर सिंह. झिजलेत, पण सकाळच्या तिरप्या उन्हात कळतात. दुपारी गेलात तर नुसता दगड.

नक्षी का नाही याचं एक कारण खडकातच आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट (काळा दगड) सगळीकडं सारखा नसतो, इथला थर कच्चा आहे. बारीक काम धरत नाही, पापुद्रे सुटतात. कार्ल्याला जो खांब उभा राहतो तो इथं उभा राहिला नसता. कारागिरांनी ते ओळखलं आणि खांबांच्या भानगडीत फारसे पडलेच नाहीत.

आता कराडकरांसाठी. तुमच्या गावाचं जुनं नाव करहाकट किंवा करहाकड. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांच्यात या गावचे लोक आहेत. कोकणातल्या कुडा लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. हा माणूस कुंभार्लीच्या बाजूनं घाट उतरून गेला असणार, असा माझा अंदाज. म्हणजे ही लेणी काही रानातली नव्हेत, चालत्या व्यापारी वाटेवरची आहेत. व्यापारी पैसा देणार, भिक्खू पावसाळ्यात मुक्काम करणार.

आणि आगाशिवलाही एक लेख आहे, ब्राह्मी लिपीत. गोपालाचा मुलगा संघमित्र, त्याचं हे लेण्याचं दान. बस, एवढंच. राजा नाही, बिरुदं नाहीत. आपल्याकडं हल्ली पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं सबंध खानदान रंगवतात, त्यापेक्षा बरं.

साताऱ्याचं राज्य खालसा झाल्यावर इथले इंग्रज अधिकारी बार्टल फ्रियर यांनी १८४९-५० च्या सुमारास या लेण्यांवर टिपण लिहिलं. पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले तेच हे.

---

शंकासुर

हे सगळं ठीक. पण बुद्धलेण्यात विठोबा कसा आला ते कुणी बोलणार का? की गोड गोड फोटो टाकायचे फक्त?

---

चिमणी_वाई

शंकासुर, तुमच्यासाठीच लिहिते.

माझं माहेर वाईजवळचं. वाईच्या उत्तरेला सुलतानपूर-लोहारे परिसरात डोंगराच्या पायथ्याशी छोटी लेणी आहेत, पालपेश्वर म्हणतो आम्ही. आजी श्रावणी सोमवारी आम्हा पोरींना घेऊन जायची. आत अंधार, मधोमध भलीमोठी पिंड. इतकी मोठी की आम्हा पोरींचे हात तिला पुरायचे नाहीत. आजी तांब्याभर पाणी घालायची, बेल वाहायची, आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. महादेव एवढा मोठा कसा, असं विचारलं की आजी म्हणायची, "डोंगराचा महादेव आहे, डोंगराएवढाच असणार."

कॉलेजात इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं की तो स्तूप आहे. वरचा भाग तुटलाय आणि उरलेला गोल भाग पिंड म्हणून पुजला जातो. मला त्या दिवशी कसंतरीच झालं. राग नाही, फसवलं गेल्यासारखंही नाही. लहानपणीच्या फोटोत आपण ज्याला मामा समजत होतो तो दुसराच कुणी निघावा, तसं काहीतरी.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आधीपासून देवच होता की तिथं." आता या वाक्यावर तुम्ही मला झोडपा. मी आजीला झोडपलं नाही.

---

शंकासुर

झोडपत नाही. पण "आधीपासून देवच होता" यात आधीचा माणूस पुसला जातो, एवढंच म्हणतो.

---

निळाई (सातारा)

जय भीम, सर्वांना.

आम्ही दरवर्षी घरचे मिळून आगाशिवला जातो. साताऱ्यात ज्या शाळेत बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, तिथून सुरुवात करून पुढं कराड. आजोबा होते तोवर ते पायथ्याशीच थांबायचे, गुडघ्यांमुळं. आम्ही खाली आलो की विचारायचे, "दिवा लावला का रे कुणी आत?" आम्ही नाही म्हणायचो. कारण त्यांनीच शिकवलं होतं, मेणबत्ती स्तूपावर ठेवायची नाही, काजळी धरते. बाहेर ओट्यावर, तीही वारा नसेल तर, आणि उरलेलं मेण खरवडून परत आणायचं.

कोयनाकाठ, तो पोरगा बरोबर होता आणि बुटांच्या बाबतीत चुकला. दोन्ही. आमच्यातली तरुण मंडळी चिडतात त्याला कारण आहे. लेण्यात गेलं की कुठं शेंदूर, कुठं नारळाच्या शेंड्या, कुठं 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं'. चार पिढ्यांनी स्वतःची म्हणून काहीतरी जागा शोधली आणि तिथंही दुसऱ्याचंच नाव ऐकायचं. तुमच्या आत्यांनी "मग काय करतात इथं" असं विचारलं, ते मला फार आवडलं. मला आजवर कुणी विचारलं नाही.

उत्तर सोपं आहे. चपला काढून आत जावं. थोडं शांत उभं राहावं. स्तूपाला काही लावू नये, फुलं वाहायचीच तर पुढं जमिनीवर ठेवावीत आणि जाताना उचलावीत. कुणी वंदना म्हणत असेल तर दोन मिनिटं बाहेर थांबावं, सेल्फी नंतरही निघतो.

विठोबाचं म्हणाल तर माझं मत घरच्यांपेक्षा वेगळं आहे. तिथल्या एका लेण्याला चोखामेळ्याचं नाव सांगतात. मंगळवेढ्याला १३३८ साली कोट बांधताना भिंत पडून जो गेला, ज्याला पंढरीत देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही, त्याचं नाव इथं डोंगरातल्या लेण्याला चिकटलं. कसं चिकटलं कुणास ठाऊक. पण मी ते खरवडायला जाणार नाही.

---

मधमाशी

सगळे धर्मावर बोलतायत, मी पोळ्यावर बोलतो.

आगाशिव असो की शिरवळ, लेण्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमधल्या एका बहाद्दरानं अंगावर अर्धी बाटली सेंट मारला होता, दुसऱ्यानं लेण्यात सिगारेट पेटवली. पुढचं सांगत नाही, एवढंच की पायऱ्या चढायला अर्धा तास लागला होता, उतरायला पाच मिनिटं. एकाचा डोळा चार दिवस उघडला नाही.

सेंट नको, धूर नको, आरडाओरड नको. उदबत्तीही नको. म्हणजे बघा, श्रद्धेचा प्रश्न माशांनीच सोडवला.

---

कोयनाकाठ (कराड)

मधमाशी, हसून पुरेवाट! आत्याला वाचून दाखवलं. तिच्या पिशवीत उदबत्तीचा पुडाही होता, हे आत्ता कबूल केलं तिनं.

निळाईताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बुटांचा मुद्दा मी त्या पोराची टर उडवायला लिहिला होता, ते जरा हलकंच झालं.

शिरवळच्या लेण्यांबद्दल कुणी लिहील का? पुण्याला जाताना दर वेळी ठरवतो आणि दर वेळी वडापाव खाऊन पुढं निघतो.

---

आडवाटेचा (सातारा)

शिरवळला पंधरा लेणी आहेत, गावात पांडवदरा म्हणून विचारा. आगाशिवपेक्षाही साधी. एक चैत्य, त्यात साधा स्तूप, बाकी राहायच्या खोल्या. हायवेपासून फार आत नाही, पण पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं आणि गवताखाली पाण्याचं टाकं असेल तर कळत नाही. ऑक्टोबरनंतर जा. टॉर्च न्या, मोबाइलचा नव्हे, हातातला.

हिंदू लेणी बघायची तर पाटेश्वर चुकवू नका. साताऱ्यापासून देगावच्या बाजूनं. पायथ्यापासून पाऊण तास चढण, झाडी चांगली. वर गेल्यावर माणूस चक्रावतो, कारण पिंडी मोजता येत नाहीत. बोटाएवढ्या, डोक्याएवढ्या, एकात एक, एकावर शेकडो कोरलेल्या. मंदिराच्या जीर्णोद्धाराशी साताऱ्याचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांचं नाव जोडलं जातं. तिथं अग्निवृष म्हणून एक शिल्प आहे, अर्धं माणूस अर्धं बैल. नंदी समजून पुढं जाऊ नका, हात मोजा, पाय मोजा, चेहरे मोजा. मी तिथं एका दुपारी तास घालवलाय.

आगाशिव आणि पाटेश्वर लागोपाठच्या दोन रविवारी बघावं असं माझं मत. एकीकडं कोरणाऱ्यानं जागा रिकामी ठेवलीय, दुसरीकडं बोटभर जागा सोडलेली नाही.

---

दंडोबाप्रेमी (मिरज)

सांगलीकरांना कुणी विचारतच नाही! मिरजेहून पंढरपूर रस्त्याला दंडोबाचा डोंगर. आत डोंगरात कोरलेलं महादेवाचं देऊळ आणि गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा अंधारा बोगदा. लहानपणी आम्ही डोळे मिटून पळत फिरायचो, मिटले काय नि उघडे काय, सारखंच. आता तिथं वनखात्याच्या झाडीमुळं बरं वाटतं. कोयनाकाठ, तुमची आत्या मिरजेची आणि आगाशिव बघायला कराडला येते? तिला म्हणावं, घरचा दंडोबा बघितला का?

---

कोयनाकाठ (कराड)

विचारलं. "लग्नानंतर पहिल्या श्रावणात सासूबाईंनी नेलं होतं, त्या बोगद्यात माझं मंगळसूत्र अडकलं, तेव्हापासून नाही गेले," असं उत्तर आलं. ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदाच कळली.

---

नवखा_पक्षी

मी पुढच्या महिन्यात आगाशिवला जाणारे. ब्राह्मी लेखाचा फोटो नीट यावा म्हणून अक्षरांवर खडू फिरवला तर चालतो का? एका व्हिडिओत पाहिलं.

---

आडवाटेचा (सातारा)

नाही नाही नाही. खडू नाही, पीठ नाही, पाणीसुद्धा नाही. कच्चा खडक आहे, वर सांगितलंय. खडू घासला की अक्षराची कड जाते आणि पुढच्या माणसाला तुम्ही घासलेलं अक्षर वाचावं लागतं. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा, प्रकाश बाजूनं सरपटू द्या. अक्षरं आपोआप वर येतात. एकानं टॉर्च धरायचा, दुसऱ्यानं फोटो.

---

शंकासुर

हे मात्र पटलं.

चिमणी_वाई, पालपेश्वरला आतापर्यंत गेलो नाही. पाणी घालणारे अजून येतात का?

---

चिमणी_वाई

येतात. गेल्या श्रावणात मी गेले होते, तांब्या नेला नव्हता. शेजारच्या काकूंनी त्यांच्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं, "घाल" म्हणाल्या. मी ओंजळ धरून उभी राहिले. मग खाली जमिनीवर सोडलं. काकूंना वाटलं, सांडलं. त्यांनी परत ओतलं.

---

निळाई (सातारा)

चिमणी, मग दुसऱ्यांदा काय केलंस?

---

चिमणी_वाई

प्यायले. 🙂

---

कोयनाकाठ (कराड)

शेवटची भर. आत्या काल मिरजेला परत गेली. स्टँडवर सोडताना म्हणाली, माघात येते, थंडीत चढायला बरं, तो राहिलेला उत्तरेकडचा डोंगर बघू. मी म्हटलं, आत्या, तिकडं शेळ्यांची वाट आहे. तर म्हणे, "मी शेळ्याच राखल्यात लहानपणी."

जखिणवाडीतला कुणी वाटाड्या माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आडवाटेचा, निळाईताई, तुम्ही येणार असाल तर तारीख तुम्हीच सांगा. डबा आमच्याकडं.